अमर शेख : शेवटच्या माणसापर्यंत पोहोचलेला आवाज

मुला-मुलींनो, मराठीच्या तासाला सर किंवा बाई तुमच्यापैकी एखाद्याला वर्गापुढे बोलावतात आणि चार वाक्ये बोलायला सांगतात. तेव्हा काय होते, ते आठवून पाहा. घरी पाठ केलेले सगळे डोक्यात असते. पण पाय जड होतात. नजर फरशीवर जाते. हात कधी शर्टाच्या बटणाशी, तर कधी ओढणीच्या टोकाशी खेळू लागतात. आवाज घशातच अडतो आणि दुसऱ्या बाकापर्यंतही पोहोचत नाही. शब्द चुकण्याची भीती तर असतेच. शिवाय आपले मराठी उच्चार ऐकून कोणी हसेल का, हीसुद्धा भीती मनात असते.

आज आपण अशा एका माणसाची ओळख करून घेणार आहोत, ज्यांनी हजारो लोकांपुढे उभे राहून मराठीतून आपले म्हणणे मांडले. त्यांचे घर मुसलमानांचे होते आणि गरीब होते. त्यांना शाळेत फार शिकता आले नाही. तरीही एका काळात सगळा महाराष्ट्र त्यांचा आवाज ओळखत होता. त्यांचे नाव शाहीर अमर शेख.

अमर शेख आपल्या शेजारचेच. आपल्या धाराशिवहून एसटीत बसलात, तर तास-दीड तासात तुम्ही सोलापूर जिल्ह्यातील बार्शीला पोहोचता. या बार्शी गावात २० ऑक्टोबर १९१६ रोजी त्यांचा जन्म झाला. त्यांचे मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. त्या काळी बार्शीवर इंग्रजांचे राज्य होते आणि आपला जिल्हा हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होता. मध्ये राज्यांची सीमा होती; पण दोन्हीकडच्या माणसांची बोली, बाजार आणि सोयरीक एकच होती. कुर्डुवाडीहून निघणारी अरुंद रुळांची बार्शी लाइट रेल्वे बार्शी, येडशी, ढोकी असे करत लातूरला जात असे. म्हणजे अमर शेखांच्या कानावर लहानपणी जी मराठी पडली, ती तुमच्या गावच्या बाजारात ऐकू येते तशीच होती.

त्यांच्या आईचे नाव मुनेरबी. मुनेरबींना पुष्कळ लोकगीते येत असत. मेहबूबचा गाण्याशी पहिला परिचय आईमुळे झाला. कोणतीही भाषा माणूस आधी कानाने शिकतो, मग जिभेने आणि सर्वांत शेवटी डोळ्यांनी. आईच्या गाण्यांतून मराठीचे शब्द तर या मुलाला मिळालेच. त्याबरोबर शब्द कोठे लांबवायचा, कोठे तोडायचा आणि कोठे थांबायचे, हेही मिळाले. पुढच्या आयुष्यात हीच त्यांची मोठी कमाई ठरली.

गरिबीमुळे मेहबूबला लवकरच कामाला लागावे लागले. त्यांनी मोटारगाडीवर क्लीनरचे काम केले. नंतर ते बार्शीच्या गिरणीत कामगार झाले. कापडाच्या गिरणीत यंत्रांचा खडखडाट एवढा असतो, की शेजारच्या माणसाशी बोलायचे असेल, तर एकतर ओरडावे लागते किंवा हातांनी आणि डोळ्यांनी सांगावे लागते. वर्षानुवर्षे असे काम करणारे लोक हाताच्या एका खुणेत पूर्ण वाक्य सांगतात. शब्दांशिवायही माणूस बोलू शकतो, हे गिरणीत काम करणाऱ्याला कोणी वेगळे शिकवावे लागत नाही.

गिरणीतील कामगारांचे हाल मेहबूब रोज पाहत होते. कामगारांनी संप केला, तेव्हा ते पुढे झाले. त्याबद्दल त्यांना तुरुंगात जावे लागले. विसापूरच्या तुरुंगात त्यांची कामगार चळवळीतील कार्यकर्त्यांशी ओळख झाली. तेथे त्यांच्या विचारांना दिशा मिळाली. आपल्याजवळ जो गळा आहे, तो गरिबांच्या कामी आला पाहिजे, या मार्गाला ते लागले.

तुरुंगातून सुटल्यावर काही काळ ते कोल्हापूरला होते. तेथे प्रसिद्ध चित्रपट-दिग्दर्शक मास्टर विनायक यांच्याकडे त्यांनी काम केले. अमर शेख हे नाव त्यांना तेथेच मिळाले. पुढे लोक मेहबूब हुसेन पटेल हे नाव जवळजवळ विसरून गेले.

यानंतर अमर शेख मुंबईला गेले. मुंबईत परळ, लालबाग या भागांत कापडगिरण्या होत्या आणि लाखो कामगार तेथे राहत होते. या कामगारांपुढे गाणारे आणखी दोन शाहीर त्यांना भेटले. एक अण्णा भाऊ साठे आणि दुसरे द. ना. गवाणकर. या तिघांनी मिळून १९४४ साली लाल बावटा कलापथक सुरू केले. कलापथक म्हणजे गाणी, पोवाडे आणि नाट्य यांतून लोकांना विचार सांगणारी कलावंतांची मंडळी. सावकार, साठेबाज, महागाई, कामगारांची पिळवणूक असे विषय हे पथक लोकांपुढे मांडत असे. स्वातंत्र्यानंतरच्या काळात मुंबई सरकारने त्यांच्या कार्यक्रमांवर बंदीही घातली होती. ज्या गाण्याला सरकार घाबरते, त्या गाण्यात किती बळ असेल, याचा तुम्हीच विचार करा.

आता शाहीर हा शब्द पाहा. तुम्हाला तो ओळखीचा वाटेल. आपला उर्दूतील शायर आणि मराठीतील शाहीर हे एकाच अरबी शब्दापासून आलेले सख्खे भाऊ आहेत. शाहिराच्या हातातील डफ म्हणजे आपला दफ. आवाज हा शब्द तर दोन्ही भाषांत जसाच्या तसा आहे. मराठी शाहिरीत मुसलमान शाहीर काही नवे नव्हते. पेशवाईच्या अखेरच्या काळातील नामवंत शाहीर सगनभाऊ हे मुसलमानच होते. अमर शेख त्याच वाटेने पुढे आले.

पण शायर आणि शाहीर यांच्या कामात थोडा फरक आहे. मुशायऱ्यात शायर बहुधा एका जागी बसून किंवा उभा राहून आपला कलाम ऐकवतो. समोरचे श्रोते शेराची वाट पाहत शांत बसलेले असतात. शाहिराला तसे श्रोते मिळतातच असे नाही. तो मैदानात, चौकात किंवा चाळीच्या अंगणात उभा राहतो. समोर थकलेले कामगार असतात, रडणारी मुले असतात, जाणारे-येणारे लोक असतात. त्यांना थांबवायचे, आपल्याकडे पाहायला लावायचे आणि शेवटपर्यंत धरून ठेवायचे, हे त्याचे काम असते. म्हणून शाहीर नुसत्या गळ्याने गात नाही. तो सगळ्या शरीराने गातो.

शाहीर हे कसे करतो, ते नीट समजून घेऊ या. कारण वर्गापुढे बोलताना तेच तुमच्या उपयोगी पडणार आहे.

पहिली गोष्ट म्हणजे उभे राहणे. शाहीर दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभा राहतो. छाती मोकळी, मान सरळ. एका पायावर रेलून, खांदे पाडून उभा राहिलेला माणूस बोलण्याआधीच हरलेला दिसतो. शिवाय खांदे पडले, की छाती दबते आणि पुरेसा श्वास आत जात नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे श्वास. मोठा आवाज घसा ताणून निघत नाही. घसा ताणला, तर तो थोड्याच वेळात बसतो. पोटापर्यंत खोल घेतलेला श्वास हळूहळू सोडला, की आवाज भरदार निघतो आणि लांब जातो. अमर शेखांचा आवाज उंच पट्टीचा आणि खणखणीत होता. लोक त्याला पहाडी आवाज म्हणत. ध्वनिवर्धक नसतानाही तो मोठ्या जमावाला ऐकू जाई, असे सांगतात. अशी देणगी सर्वांना मिळत नाही. पण श्वास सांभाळून बोलणे सर्वांना शिकता येते.

तिसरी गोष्ट म्हणजे नजर आणि हात. शाहीर आपल्या कागदाकडे पाहत नाही, लोकांकडे पाहतो. कधी उजवीकडच्यांकडे, कधी डावीकडच्यांकडे आणि वारंवार अगदी मागे उभ्या असलेल्या माणसाकडे. आपल्याकडे पाहून बोलणाऱ्याचे बोलणे अर्धवट सोडून जाणे कोणालाही जड जाते. शाहिराचा हातही उगाच हलत नाही. डफावर थाप पडते ती शब्दाच्या ठेक्यावर. हात वर जातो तो मुद्द्याचा शब्द आला म्हणजे. अर्थाशी संबंध नसलेले हातवारे ऐकणाऱ्याचे लक्ष उडवतात.

चौथी गोष्ट म्हणजे चढ-उतार. पोवाडा सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच जोरात गायला, तर लोक कंटाळतात. म्हणून शाहीर गाता गाता थांबतो आणि गद्यात, साध्या बोलण्यासारखे सांगू लागतो. तुम्ही शेर तरन्नुममध्ये ऐकला असेल आणि तहतमध्येही ऐकला असेल. दोन्हींची गोडी वेगळी असते. शाहीर या दोन्ही रीती एकाच पोवाड्यात वापरतो. गद्याचा वेग वाढत जातो, मग तो एकदम थांबतो. क्षणभर शांतता. आणि पुन्हा गाणे उसळते. मागे उभे असलेले साथीदार झील धरतात, म्हणजे शेवटचे सूर उचलून उंच नेतात. तेवढ्या वेळात शाहिराला श्वास घेता येतो आणि ऐकणाऱ्यांनाही अर्थ मनात मुरवता येतो. थांबणे हासुद्धा बोलण्याचाच भाग आहे, हे नवख्या वक्त्याच्या लवकर लक्षात येत नाही.

अमर शेखांच्या या कलेची खरी कसोटी संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात लागली. स्वातंत्र्यानंतर मराठी बोलणारे लोक निरनिराळ्या राज्यांत वाटले गेले होते. मुंबईसह सर्व मराठी भाषकांचे एक राज्य व्हावे, अशी लोकांची मागणी होती. त्यासाठी १९५६ साली संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. या लढ्यात शंभराहून अधिक माणसांना प्राण गमवावे लागले. मुंबईतील हुतात्मा स्मारक त्यांच्याच आठवणीसाठी उभारलेले आहे.

त्या वेळी दूरदर्शन नव्हते. रेडिओ सरकारच्या हाती होता. पुष्कळ लोकांना वर्तमानपत्र वाचता येत नव्हते. मग लढ्याचा विचार गावोगाव कोणी पोहोचवला? तो शाहिरांनी पोहोचवला. अण्णा भाऊ साठे यांनी या काळात एक गाणे लिहिले. पोटासाठी मुंबईला आलेल्या एका गड्याला गावी राहिलेल्या आपल्या पत्नीची आठवण होते, असे ते गाणे आहे. ऐकताना आधी वाटते, की ही एका नवरा-बायकोची गोष्ट आहे. पण पुढे त्या ताटातुटीत सीमेपलीकडे राहिलेल्या मराठी मुलखाचे दुःख मिसळते. असे गाणे गाणे सोपे नसते. आरंभी आवाज मायेने ओला हवा आणि शेवटाकडे तोच आवाज पेटला पाहिजे. नुसता मोठा गळा असलेल्याला हे साधत नाही. अमर शेखांना ते साधले. लिहिणारे अण्णा भाऊ आणि गाणारे अमर शेख अशी जोडी लोकांच्या कायमची लक्षात राहिली.

शेवटी १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. आपला जिल्हाही, म्हणजे तेव्हाचा उस्मानाबाद आणि २०२३ पासूनचा धाराशिव, या राज्याचा भाग झाला. बेळगावसारखी काही गावे मात्र बाहेरच राहिली. तुम्ही आज ज्या राज्यात राहता, ज्याच्या शाळेत उर्दूतून शिकता आणि दुसरी भाषा म्हणून मराठी वाचता, ते राज्य घडवण्यात बार्शीच्या एका गरीब मुसलमान मुलाचा गळाही झिजलेला आहे. मराठीच्या पुस्तकातले हे पान उघडताना ही गोष्ट ध्यानात असू द्या. ही भाषा आपल्याला परकी नाही. आपल्यातल्याच माणसांनी ती गायली आहे, लिहिली आहे आणि तिच्यासाठी कष्ट घेतले आहेत.

अमर शेखांनी चित्रपटातही काम केले. १९६१ सालच्या प्रपंच या मराठी चित्रपटात त्यांनी एका गरीब कुंभाराची भूमिका केली. येथे एक गोष्ट लक्षात घ्या. मैदानात दूरच्या माणसाला दिसावे, म्हणून हात उंच करावा लागतो. चित्रपटात कॅमेरा जवळ असतो. तेथे पापणी लवली, ओठ थरथरला, तरी प्रेक्षकाला समजते. मैदानातला हात तेथे आणला, तर तो खोटा वाटेल. म्हणजे हावभाव किती मोठे करायचे आणि आवाज किती चढवायचा, हे समोर कोण आहे आणि किती अंतरावर आहे, यावरून ठरते. मैदान गाजवणारे अमर शेख पडद्यावरही शोभले, यावरून त्यांना हे अंतर कळत होते, असे म्हणायला हरकत नाही. तुमच्या वर्गात चाळीस मुले असतील, तर तेथे ना मैदानाची गर्जना हवी, ना कानातली कुजबुज.

अमर शेख केवळ गायक नव्हते. ते कवीही होते. कलश हा त्यांचा कवितासंग्रह १९५८ साली आणि धरतीमाता हा १९६३ साली प्रसिद्ध झाला. त्यांची कन्या मलिका अमर शेख यांनीही पुढे मराठी कवयित्री म्हणून नाव मिळवले. १९६२ साली चीनने भारतावर आक्रमण केले, तेव्हा अमर शेख गावोगाव फिरले आणि कार्यक्रम करून त्यांनी संरक्षणासाठी निधी गोळा केला. लोक त्यांच्या आवाजावर विश्वास ठेवत; कारण जे दुःख ते गात, ते त्यांनी स्वतः भोगलेले होते. गिरणी त्यांनी पाहिली होती, तुरुंग पाहिला होता, उपासही पाहिला होता. बोलणाऱ्याला स्वतःच्या शब्दाबद्दल खात्री नसेल, तर कितीही सुंदर हातवारे केले, तरी ऐकणाऱ्याला ते कळते. चेहरा ही मोठी प्रामाणिक वस्तू आहे. जिभेने लपवलेले तो सांगून टाकतो.

१९६९ साल मराठी शाहिरीला फार वाईट गेले. त्या वर्षी १८ जुलैला अण्णा भाऊ साठे वारले. त्यानंतर दीड महिनाही झाला नव्हता, तोच २९ ऑगस्टला पुणे-सोलापूर रस्त्यावर इंदापूरजवळ मोटारीचा अपघात झाला आणि त्यात अमर शेख यांचा मृत्यू झाला. त्यांना त्रेपन्नावे वर्ष चालू होते. आयुष्यभर रस्ते तुडवून गावोगाव पोहोचलेला हा शाहीर रस्त्यावरच गेला. पुढे मुंबई विद्यापीठाने लोककलांच्या अभ्यासासाठी त्यांच्या नावाने अध्यासन सुरू केले. ज्यांना शाळा पुरती लाभली नाही, त्यांचे नाव विद्यापीठात पोहोचले.

विद्यार्थ्यांनो, अमर शेखांचा गळा आपल्याला मिळणार नाही. पण त्यांची रीत आपण घेऊ शकतो. आज घरी गेल्यावर मराठीतील कोणतीही पाच वाक्ये निवडा. आधी ती मनात वाचा आणि त्यांतील महत्त्वाच्या शब्दांखाली रेघ ओढा. मग उभे राहा. दोन्ही पाय जमिनीवर घट्ट ठेवा. एक खोल श्वास घ्या. अंगणाच्या दुसऱ्या टोकाला आजी किंवा धाकटा भाऊ यांना बसवा आणि ती वाक्ये त्यांना सांगा. घशाला त्रास न देता त्यांना प्रत्येक शब्द समजला पाहिजे. वाक्याच्या शेवटी आवाज पडू देऊ नका. कारण मराठीत क्रियापद बहुधा शेवटी येते आणि तेच ऐकू आले नाही, तर झाले की नाही झाले, हेच कळत नाही.

उच्चारांकडेही लक्ष द्या. ळ आणि ण ही अक्षरे उर्दूत नाहीत, म्हणून ती जिभेला थोडी अवघड जातात. जिभेचे टोक मागे वळवून टाळूला लावा आणि बाळ, फळा, शाळा, पाणी, कोण असे शब्द रोज दहा वेळा मोठ्याने म्हणा. चमचा या शब्दातला च आणि चहा या शब्दातला च एकसारखा नाही, हे मराठी बोलणाऱ्या शेजाऱ्याकडून ऐकून घ्या. दुसरीकडे, क़लम, ख़बर, ग़ज़ल हे शब्द तुम्ही जितके स्वच्छ म्हणता, तितके पुष्कळांना म्हणता येत नाहीत. तुमची जीभ कमकुवत नाही. तिला फक्त आणखी चार जागा शिकायच्या आहेत.

आणि वर्गापुढे उभे राहिलात, की पहिल्या बाकावरच्या मित्राकडे पाहून सुरुवात करा. पण बोला मात्र शेवटच्या बाकावरच्या मुलासाठी. तो कदाचित खिडकीबाहेर पाहत असेल, कदाचित दमलेला असेल, कदाचित तुमच्यासारखाच घाबरलेला असेल. मैदानाच्या कडेला, सर्वांच्या मागे उभा असलेला कामगार अमर शेखांसाठी जसा होता, तसा तो तुमच्यासाठी आहे. त्याने मान वर करून तुमच्याकडे पाहिले, तर समजा, तुमचा आवाज पोहोचला.